इंगळ्याचं एक्केचाळिसावं पान

माळगे गेले त्याला येत्या संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला वर्ष होईल. ज्या दैनिकात बसून त्यांनी जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, त्याच दैनिकात चार ओळींची बातमी आली : 'ज्येष्ठ मुद्रितशोधक सिद्राम माळगे यांचे निधन.' वय दोन वर्षांनी चुकलं होतं. मी सवयीनं पेन उचलून समासात खूण केली, आणि मग लक्षात आलं की हे प्रूफ आता कुणाकडेच पाठवायचं नाही. संध्याकाळी तो अंक रद्दीत गेला.

त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांचा बातमीत उल्लेख नव्हता. तो असावा असं त्यांनाही वाटलं नसतं.

आम्ही दोघं एका टेबलाची माणसं. प्रूफं वाचायची जुनी रीत अशी की एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं छापील कागदावर नजर ठेवून चुका टिपायच्या. वाचणारी मी, टिपणारे माळगे. विरामचिन्हंसुद्धा मोठ्यानं म्हणायची असतात. त्यामुळे दिवसभर 'अध्यक्ष म्हणाले स्वल्पविराम अवतरण सुरू' असं चाललेलं. ही सवय जिभेला इतकी चिकटते की मी एकदा मंडईत 'मेथी स्वल्पविराम कोथिंबीर' म्हणाले होते, आणि भाजीवाली दोन्हीच्या जुड्या हातात धरून माझ्याकडे बघत राहिली होती. माळगे तर पाहुण्यांनाही 'बसा पूर्णविराम' म्हणत.

उंच, खांद्यात वाकलेला माणूस. खिशात लाल रिफिलची तीन पेनं आणि टेबलावर डिंकाची बाटली. छापलेल्या अक्षरात एक वेलांटी चुकली तर यांचं जेवण गोड लागायचं नाही, आणि बोलायला लागले की 'हाय की', 'न्हाय की'. मी एकदा छेडलं, "माळगे, तुमच्या बोलण्याचं प्रूफ कोण तपासतं?" तर म्हणाले, "बोललेलं वाऱ्यावर जातंय बाई. छापलेलं ऱ्हातंय." मूळचे दुधनीकडचे, घरात कन्नड. छापून गेलेली चूक दुसऱ्या दिवशी दिसली की मी हळहळायची, आणि ते हात झटकून म्हणायचे, "होगली बिडू." म्हणजे जाऊ दे, सोड. उद्या नवीन पेपर निघणारच असतो.

त्यांचं एक गुपित होतं, ते कचेरीत फक्त मला ठाऊक होतं, कारण दुपारच्या रिकाम्या वेळेत त्याचीही प्रूफं आम्हीच वाचायचो. माळगे 'विक्रांत' या नावानं खिशात मावतील अशा रहस्यकथा लिहायचे. त्यांचा नायक इंगळ्या. काळा मुखवटा, मनगटावर विंचू गोंदलेला, उजव्या हाताच्या अंगठीत कळ दाबली की निघणारी नांगी, आणि अड्डा बंद पडलेल्या गिरणीच्या चिमणीत. पहिल्या तीन पुस्तकांत हा इंगळ्या खलनायक होता. तिसऱ्याच्या शेवटी तो मरायचा होता, पण त्याआधीच वाचकांची पोस्टकार्डं आली : इंगळ्याला मारू नका. तेव्हा माळग्यांनी शेवटचं प्रकरण फाडलं आणि चौथ्या पुस्तकात त्याला गरिबांचा कैवारी करून टाकला. खून करणारा माणूस एका पावसाळ्यात सुधारला कसा, असं मी विचारलं तर म्हणाले, "वाचकानं माफ केलं की झालं."

विंचू हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता. घरी एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात देशोदेशीच्या चित्रकथा, आणि प्रत्येकीत कुठे ना कुठे विंचू. शेपटीला तोफ लावलेला, छातीवर चिन्ह मिरवणारा, बायकोच्या खुनाचा सूड घेणारा, जग बुडवायला निघालेला. "बघा बाई," ते म्हणायचे, "सापाला महादेवानं गळ्यात घेतलं, वाघावर देवी बसली. विंचवाला कुणी घेतलं न्हाय. म्हणून ते बिचारं खलनायकाकडं कामाला लागलं." आणि हे सगळं सांगणाऱ्या माणसाला आयुष्यात कधी विंचू चावलेला नव्हता. लहानपणीच ते शहरात, मामाकडे शिकायला आले. त्यांचे सगळे विंचू कागदावरचे.

एकदा एसटी स्टँडावर एक कंडक्टर बाकावर बसून इंगळ्या वाचत होता. माळगे त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हे ओळख देणार. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, त्याच्या खांद्यावरून हात घातला, एका शब्दाची वेलांटी सुधारली आणि "चालू द्या" म्हणून निघाले. कंडक्टर "ओ, ओ काका!" करत राहिला. त्या दिवशी ते लहान मुलासारखे खूश होते. तसे ते मला नंतर फार दिसले नाहीत.

आता ते पान.

सातव्या पुस्तकात इंगळ्याच्या मित्राला खलनायक तळघरात कोंडतो आणि वरून तांबडे विंचू सोडतो. इंगळ्या येतो, मित्राला सोडवतो, प्रकरण संपतं. एक्केचाळिसाव्या पानावर ते संपलं आणि खाली चार ओळींची जागा उरली. मोकळी जागा दिसली की प्रकाशक कुरकुरायचा, गिऱ्हाइकाला कागद चोरल्यासारखं वाटतं म्हणायचा. माळग्यांनी छापखान्यात उभ्याउभ्या, मशीनवर कागद टेकवून, चार ओळी लिहिल्या. मित्राला दोन विंचू चावलेत, तो कळवळतोय, आणि इंगळ्या हसून म्हणतो : 'घाबरू नकोस. काळा मारतो, तांबडा नुसता रडवतो. चुना लाव आणि झोप.' मुखपृष्ठावर काळाकुट्ट, हाताएवढा विंचू होता. त्याच्यापुढे ते बोटाएवढं तांबडं पिल्लू कोण मोजतो? वाक्य टाळीचं होतं. वाचकांनी उचललं. पानटपरीवर, रिक्षाच्या मागे, कुठेही ते दिसायला लागलं.

त्यानंतर चारेक वर्षांनी, एका दुपारी, कचेरीच्या दारात एक माणूस उभा राहिला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी. मंद्रूपच्या पुढच्या एका वस्तीवरचा, मेंढरं राखणारा. नाव बिरप्पा.

"इक्रांत सायेब हितंच असत्यात का?"

माळग्यांनी पेन खाली ठेवलं. मंद्रूपच्या बाजारात भाड्यानं पुस्तकं देणाऱ्यानं प्रकाशकाकडून मिळवून पत्ता दिला होता. माळग्यांनी त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही. त्यानं पिशवीतून पुस्तक काढलं. सातवं.

"सायेब, तुमची समदी पुस्तकं वाचल्यात म्या. इंगळ्या लई आवडतो." त्यानं एक्केचाळिसावं पान उघडून बोट ठेवलं. "हितं लिवलंय. तांबडा नुसता रडवतो. आमच्या पोरीला तांबडा चावला. भर दुपारी, कडबा काढताना. बायको म्हनली, दवाखान्यात नेऊ. म्या म्हनलं, तांबडा हाय. रडंल आन् निजंल. चुना लावला." त्यानं पानावरचं बोट उचललं. "दिस बुडायच्या आत गेली. सात वर्साची हुती."

माळगे उभे राहिले होते. टेबलाची कड त्यांनी धरली होती.

"म्या भांडाय न्हाय आलो," बिरप्पा घाईनं म्हणाला. "धाकला पोरगा हाय अजून. त्याला चावला तर काय करायचं, तेवढं नीट लिवून द्या. तुमचं लिवलेलं म्या जपून ठिवतो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हा माणूस पोर गमावून पुन्हा त्याच लेखकाकडे सल्ला मागायला आला होता.

आमच्या रविवारच्या पुरवणीत आरोग्यावर लिहिणारे एक डॉक्टर होते. माळगे बिरप्पाला घेऊन त्यांच्याकडे गेले, मीही गेले. डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं. काळा मोठा दिसतो, दुखतोही, पण घातक तो लहान तांबडाच. त्याचं विष काळजावर जातं, लहान मुलांना तर फार लवकर. वेळ न घालवता दवाखान्यात आणलं तर औषध आहे, आणि मुलं वाचतात. माळग्यांनी ते सगळं मोठ्या अक्षरात कागदावर लिहिलं. मग बिरप्पाचं पुस्तक घेतलं, लाल पेनानं त्या चार ओळींवर काट मारली आणि समासात खरं काय ते लिहिलं. बिरप्पानं पुस्तक परत पिशवीत गुंडाळलं, त्यांच्या पाया पडायला वाकला. माळगे मागे सरकताना भिंतीवर आदळले.

इथे माझं एक सांगून टाकते, कारण ते लपवून माळग्यांविषयी लिहिणं हा खोटेपणा होईल. मला माहीत होतं. माझं लहानपण कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. उन्हाळ्यात तिथे विंचू निघायचे. आई आमची पायताणं उलटी करून आपटायची आणि म्हणायची, काळ्याला भिऊ नका, तांबड्याला भ्या. माळगे छापखान्यातून त्या चार ओळी घेऊन आले तेव्हा त्या मोठ्यानं वाचल्या मीच. 'तांबडा' शब्दापाशी मी अडखळले. मग मनात म्हटलं, कादंबरी आहे, कोण खरं मानतंय. आपलं काम स्वल्पविरामाचं. आणि पुढे वाचलं.

मी हे त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे पुढे तर ते सांगणं अधिकच अवघड होत गेलं.

माळग्यांनी लिहिणं थांबवलं. प्रकाशक दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा माळग्यांनी त्याला एवढंच विचारलं, "सातव्याच्या प्रती किती छापल्या आन् कुटं कुटं पाठवल्या?" दोन हजार छापल्या होत्या. त्यांनी त्या प्रतींच्या हिशेबाला एक वही केली. आमच्याच छापखान्यात एक शुद्धिपत्र छापून घेतलं, बोटभर रुंदीची पट्टी : 'या पानावर इंगळ्या जे सांगतो ते चूक आहे. लहान तांबडा विंचूच अधिक घातक. चावल्यास चुना, मंत्र यांत वेळ न घालवता ताबडतोब दवाखान्यात न्यावे; लहान मुलांना तर धावत न्यावे. – लेखक.' 'धावत' या शब्दावर आम्ही तासभर बोललो. मी म्हटलं, शुद्धिपत्रात असा शब्द शोभत नाही. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे की."

मग दर रविवारी डिंकाची बाटली, पट्ट्या आणि वही घेऊन माळगे निघायचे. कुर्डुवाडीच्या स्टेशनाबाहेरची पुस्तकांची टपरी, दुधनीचा बाजार, मंद्रूपची भाड्याची पुस्तकं, न्हाव्यांची दुकानं, गावोगावची रद्दी. सातवं सापडलं की एक्केचाळिसावं पान उघडायचं, त्या ओळींवर पट्टी चिकटवायची, वहीत नोंद करायची. विजापूर वेशीतला रद्दीवाला त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, "क्या चचा, फिर बिच्छू ढूंडने कू आए क्या?" आणि तोच त्यांच्यासाठी गठ्ठे बाजूला काढून ठेवायचा.

मंद्रूपला एकदा मी बरोबर होते. न्हाव्याच्या दुकानात पुस्तक आरशाखाली पडलं होतं. माळग्यांनी पट्टी काढली तशी न्हाव्यानं हात धरला.

"ओ पावणं, काय चिकटवताय?"

"ह्यात एक चूक हाय. दुरुस्त करतो."

"चूक? इंगळ्या चुकत न्हाय." गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच ठेवून तो भांडायला उभा राहिला. "तुमी कोन चूक काढनारं?"

माळगे म्हणाले नाहीत, मी लेखक. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी मान हलवून मला थांबवलं. अर्धा तास ते त्या न्हाव्याला समजावत होते. शेवटी त्यांनी त्याच्याकडून दाढी करून घेतली, गरज नसताना. वस्तरा खाली ठेवताना न्हावी म्हणाला, "चिकटवा. पर गोष्ट मोडती बघा." बाहेर आल्यावर माळग्यांनी वहीत नोंद केली. मग म्हणाले, "लई चांगला वाचक हाय. अशांचीच भीती वाटती."

या काळात त्यांना एक सवय लागली. कुठूनही निघताना चपला उलट्या करून जमिनीवर आपटायच्या, झटकायच्या, मग पाय घालायचा. कचेरीच्या जिन्यातही. शिपाई हसायचे. 'होगली बिडू' मात्र त्यांच्या तोंडून परत कधी ऐकलं नाही. पेपरात चूक छापून गेली की आता ते दुसऱ्या दिवशी संपादकांपुढे शुद्धिपत्राचा कागद ठेवत. नव्या संपादकांना तो खुळेपणा वाटायचा.

दोघंही निवृत्त झालो. प्रूफं वाचणारं टेबलच कचेरीतून गेलं, त्या जागी पाण्याचं मशीन आलं. माळग्यांचे रविवार चालूच होते. वहीत बाराशेच्या वर नोंदी झाल्या. बाकीची कुजली असतील, उंदरांनी खाल्ली असतील, असं मी म्हणायची. ते म्हणायचे, "असतील. बघितल्याबिगर कसं म्हणायचं?"

आणि मग एके सकाळी माझ्या फोनवर, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, एक चित्र आलं. काळाभोर विंचू, मागे उगवता सूर्य, आणि वर ठळक अक्षरात : 'काळा मारतो, तांबडा नुसता रडवतो. – पूर्वजांचे ज्ञान.' खाली सतरा जणांचे जोडलेले हात.

मी ते त्यांना दाखवणार नव्हते. पण ते त्यांच्या पुतण्याकडूनही आलं, दूधवाल्याकडूनही आलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा माळगे पुतण्याचा फोन मांडीवर घेऊन, एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहीत होते : 'हे चूक आहे.' ज्याच्याकडून आलं त्याला, मग त्याला ज्याच्याकडून आलं त्याला. एका गृहस्थानं उत्तर पाठवलं, 'काका, आपल्या पूर्वजांचा अपमान करू नका.' माळग्यांनी ते मला वाचून दाखवलं, पूर्णविरामासकट. मग फोन पालथा ठेवला. "बाई, ह्याला डिंक कुटं लावायचा?" एवढंच म्हणाले.

त्या उन्हाळ्यात अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा डावा हात गेला. तरी दिवाळीनंतर ते एकदा माझ्याकडे आले. दोन जिने चढून, मध्ये चारदा थांबून. दम खाऊन झाल्यावर म्हणाले, "तुमच्याकडं एक प्रत होती. मी दिलेली."

होती. पहिल्या पानावर 'माझ्या वाचणाऱ्या बाईंस' असं लिहिलेली. इतकी वर्षं मी त्यांना सांगत आले होते की घर बदलताना ती हरवली. ती हरवली नव्हती, कपाटात साड्यांखाली होती. ते पान त्यांनी माझ्यासमोर उघडावं, एवढं धैर्य माझ्यात नव्हतं. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, मी उठले आणि पुस्तक आणून त्यांच्यापुढे ठेवलं. हरवलेलं सापडलं कसं, हे त्यांनी विचारलं नाही.

उजव्या हातानं त्यांनी पान काढलं. मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "वाचा. पयल्यासारखं."

मी चष्मा लावला. "घाबरू नकोस पूर्णविराम काळा मारतो स्वल्पविराम..." आणि मी अडखळले.

"इथंच," माळगे म्हणाले. "तवाबी तुमी इथंच थांबला होता."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मला वाटलं, माझं अक्षर लागलं न्हाय."

"अक्षर लागलं होतं, माळगे," मी म्हटलं. "मला माहीत होतं. आई सांगायची. मी बोलले नाही."

ते बराच वेळ पिशवीतून काढलेल्या डिंकाच्या बाटलीचं झाकण एका हातानं उघडायच्या खटपटीत होते. मी उघडून दिलं. मला वाटलं, आता ते 'होगली बिडू' म्हणतील. मला ते हवं होतं, अगदी भिकाऱ्यासारखं हवं होतं. ते म्हणाले नाहीत.

"वाचणारा थांबला की इचारायचं असतंय, का थांबला," ते म्हणाले. "आपलं काम तेवढंच की. मी इचारलं न्हाय."

त्यांनी पट्टी चिकटवली, अंगठ्यानं कडा दाबल्या, वहीत नोंद केली. मी चहा ठेवते म्हटलं, तर नको म्हणाले, पुतण्या खाली रिक्षा घेऊन थांबलाय. पुस्तक टेबलावर उघडंच ठेवलं आणि म्हणाले, "वाळेपर्यंत मिटू नका."

दाराशी त्यांनी भिंतीला खांदा टेकवला, वाकून आपल्या चपला उचलल्या, उलट्या केल्या, एकेक आपटली, झटकली, पायात घातली. मी दारातच उभी होते. ते निघाले असं मला वाटलं. पण ते पुन्हा वाकले, त्याच एका हातानं शेजारच्या माझ्या चपला उचलल्या, एकेक करून उलटी आपटली, आत नीट बघितलं, आणि दोन्ही शेजारी शेजारी सरळ लावून ठेवल्या. मग कठडा धरून जिना उतरू लागले.